निळ्याचा जांभळा का झाला, आणि ब्रेसनहॅम नेमका कुठे लागतो?

कपाशी_पिक्सेल, दारव्हा

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटर ग्राफिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा करतोय, दुसरं सेमिस्टर सुरू आहे. थिअरीला रेषा काढायचे अल्गोरिदम (त्यातलाच एक ब्रेसनहॅमचा), ट्रान्सफॉर्मेशन (आकृती सरकवणं, फिरवणं) आणि बेझिए कर्व्ह (बिंदूंवरून काढायचा वक्र). प्रॅक्टिकलला कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर), फोटोशॉप आणि शेवटी थोडं ब्लेंडर (थ्रीडीचं). लॅपटॉप तिसऱ्या पिढीचा आय३, रॅम ४ जीबी, ग्राफिक्स इंटेल एचडी ४०००.

प्रोजेक्टला कृषी केंद्राचा १० बाय ४ फुटांचा फ्लेक्स आणि एक लग्नपत्रिका दिली आहे. फ्लेक्स फोटोशॉपात ३०० रिझोल्युशनला (इंचाला ३०० पिक्सेल) घेतला तर लॅपटॉप अर्धा तास गप्प, आणि पीएसडी (फोटोशॉपची फाइल) सेव्हच होईना. मग रिझोल्युशन कमी करून नमुना छापला, तर गडद निळी पट्टी चक्क जांभळी आली. मजकूर दुकानातल्या कोरलमध्ये टाकला तेव्हा 'बियाणे'ची वेलांटी 'ब'च्या पलीकडे जाऊन बसली आणि 'विक्रेते'तला 'क्र' सुटला. माझ्या स्क्रीनवर सगळं बरोबर दिसत होतं.

दुसरं म्हणजे, ब्रेसनहॅम पाठ करतोय पण तो या कामात कुठे लागतो ते कळत नाही. आणि या मशीनवर ब्लेंडर चालेल का? जाणकारांनी सांगावं.

---

शाईवाला, अमरावती

भाऊ, पैले फाइलच्या वजनाचं पाहू, काऊन की लॅपटॉप तिथंच बसला तुमचा. १० फूट म्हणजे १२० इंच, ४ फूट म्हणजे ४८ इंच. ३०० नं गुणलं त ३६,००० बाय १४,४०० पिक्सेल, म्हणजे ५१.८४ कोटी. सीएमवायकेत (सायन, मॅजेंटा, पिवळा अन् काळा म्हणजे के, या चार शाया) एका पिक्सेलले ४ बाइट, म्हणजे एकाच लेयरले २ जीबीच्या वर. ४ जीबीच्या मशीननं करावं काय बिचारीनं? वरून पीएसडीत कोनतीही बाजू ३०,००० पिक्सेलच्या पुढे जात नाही. तुमची रुंदी ३६,०००. म्हणून थे सेव्ह करू देत नव्हतं.

आता तेच ७२ नं करून पाहा. ८,६४० बाय ३,४५६, जवळपास ३ कोटी पिक्सेल, १२० एमबी. झालं. "मग फाटणार नाही का?" असं सगळेच विचारतात. चांगल्या डोळ्याले एका अंशाचा साठावा भाग वेगळा दिसते. ४ फुटांवरून पाहिलं त एवढ्या कोनात इंचाले साधारण ७२ ठिपके बसतात, १५ फुटांवरून फक्त १९. कृषी केंद्राचा फ्लेक्स कोनी नाक लावून वाचत नाही. पत्रिका मात्र हातात धरून वाचतात, तिथं ३०० पायजेच, अन् थे बी छापायच्या मापात. मोबाइलवर आलेला फोटो ७२ चा ३०० लिहून वाढवला त नवीन तपशील काही येत नाही, नुसती फाइल फुगते.

अक्षरं फोटोशॉपात नका करू. फोटो तेवढा फोटोशॉपात, बाकी अक्षर, लोगो, पट्ट्या कोरलमध्ये. व्हेक्टर राहते, म्हणजे पिक्सेल नाही, नुसत्या रेघा, कितीही ताणा. इलस्ट्रेटर वापरत असाल त एक ध्यानात ठेवजा, त्याचा नेहमीचा आर्टबोर्ड २२७ इंचांवर थांबते, म्हणजे १९ फुटांच्याही आत. २० फुटी होर्डिंग करायचं असलं त एक दशांश मापात करा, २४ इंच, अन् फ्लेक्सवाल्याले फाइलच्या नावातच लिहून द्या "१० पट". तोंडी सांगितलेलं राहत नाही कोनाच्या ध्यानात.

आता निळा. स्क्रीनवरचा निळा उजेडाचा, फ्लेक्सवरचा शाईचा. आरजीबीतला (लाल, हिरवा, निळा उजेड) शुद्ध निळा, म्हणजे ०, ०, २५५, शाईच्या आवाक्यातच येत नाही. मशीन त्याले सायन अन् मॅजेंटा दोन्ही भरून द्याले पाहते, अन् मॅजेंटा सायनच्या बरोबरीले आला की जांभळाच दिसते. उपाय साधा: फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेत, अन् मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० नं खाली. सायन १०० असलं त मॅजेंटा ६० ते ७०. तरी बी प्रत्येक मशीनची शाई वेगळी, म्हणून २ इंचांचे सहा चौकोन एका पट्टीत करा, सायन सगळ्यांत १००, मॅजेंटा ५० पासून १०० पर्यंत दहादहानं वाढवत, अन् चौकोनात आकडा लिहा. १२ बाय २ इंचांची पट्टी होते, दुसऱ्या कोनाच्या फ्लेक्सच्या वाया जाणाऱ्या कडेले छापून मागा. थे पट्टी भिंतीले लावून ठेवा, पुढचे सगळे निळे त्यावरून निवडा. पोपटी हिरवा अन् भडक नारिंगीचं बी असंच हाय.

फ्लेक्सच्या चहूबाजूनं ३ इंच पार्श्वभूमी जास्तीची द्या, लाकडी फ्रेमवर दुमडून ठोकतात तवा तेवढी जाते. त्या दुमडीच्या आत बी २ इंच अक्षर नको. नाही त मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा खिळ्याखाली. आकडा गेलेला फ्लेक्स परत छापा लागते, अन् थो खर्च कोनाचा यावर मग भांडन.

---

अक्षरओळ, वर्धा

वेलांटीचं मी सांगते. 'बि' लिहिताना संगणकात आधी 'ब' साठवला जातो, मग वेलांटी. वेलांटी डावीकडे नेऊन दाखवायचं काम सॉफ्टवेअरच्या अक्षरजुळणीचं. ती जुळणी नसली की वेलांटी साठवलेल्या जागीच दिसते आणि जोडाक्षरं सुटतात. म्हणजे तुमचा मजकूर बरोबरच होता, दुकानातलं कोरल जुनं होतं. कोरलमध्ये ही सोय एक्स६ पासून, म्हणजे २०१२ पासून नीट आली. तालुक्याच्या ठिकाणी अजून त्याआधीच्या आवृत्त्या सर्रास चालतात, कारण त्यावर श्रीलिपी किंवा आयएसएम (मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर) बसवलेलं असतं आणि वर्षानुवर्षांच्या फाइली त्यातच आहेत.

श्रीलिपी, कृतिदेव यांचे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक) नाहीत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसता इंग्रजी कचरा. उलट, युनिकोड मजकुरावर तसला फॉन्ट लावला तर अक्षर बदलतच नाही किंवा चौकोन येतात. दोन्ही पद्धती एका फाइलीत कालवू नका. दुकानदाराचा जुना मजकूर हवा असेल तर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग ओळ न् ओळ वाचा. रफार, 'ऱ्या' आणि 'क्ष-ज्ञ' हमखास बिघडतात.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय सुरू करायचं ते असं. फोटोशॉपात प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट, जुन्या आवृत्तीत त्यालाच मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन म्हणतात. इलस्ट्रेटरला टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये इंडिक ऑप्शन्स दाखवा आणि मग पॅराग्राफ पॅनलमधून साउथ एशियन कंपोझर निवडा. इनडिझाइनला वर्ल्ड-रेडी कंपोझर. इंकस्केपमध्ये काहीच करावं लागत नाही, मराठी आपोआप जुळतं, आणि ते फुकट आहे. फक्त ते आरजीबीत काम करतं, त्यामुळे ऑफसेटसाठी शेवटची पीडीएफ स्क्रायबसमधून काढलेली बरी.

फॉन्टसाठी मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी घ्या. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात का ते आधी बघा. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय हिंदी 'ल' येतो. 'दऱ्या', 'सुऱ्या' लिहिताना साधा र घेतला तर रफार होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य, म्हणजे चंद्रकोरीसारखा र येतो.

दुकानात पाठवण्याआधी मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ. मग कोणत्याही मशीनवर अक्षर हलत नाही. पण त्याआधी दोन गोष्टी: शुद्धलेखन दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या, आणि मजकूर सुटा असलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवा. कर्व्ह केलेल्या फाइलीत 'किटकनाशके'चं 'कीटकनाशके' करता येत नाही.

---

ग्राफपेपर, यवतमाळ

ब्रेसनहॅमवर लिहितो. ही पद्धत १९६२ साली आयबीएममध्ये पेनाच्या प्लॉटरसाठी बसवली गेली आणि १९६५ साली प्रसिद्ध झाली. प्लॉटरचं पेन एका वेळी एकच पाऊल टाकतं: आडवं, उभं किंवा तिरपं. तिरकी रेघ काढायची तर प्रत्येक पावलाला एवढंच ठरवायचं की सरळ जायचं की एक घर चढायचं. ते भागाकार न करता, नुसत्या बेरजेवर आणि चिन्हावर ठरतं, हीच त्यातली गंमत.

चौकटीच्या वहीत करून पाहा. (२, ३) पासून (१०, ८) पर्यंत. आडवा फरक ८, उभा फरक ५. पी म्हणजे सरळ की तिरपं ते ठरवणारा आकडा. सुरुवातीचा पी म्हणजे ५ ची दुप्पट वजा ८, म्हणजे २. नियम: पी शून्य किंवा जास्त असेल तर तिरपं जा आणि पीमधून ६ वजा करा. पी ऋण असेल तर सरळ जा आणि पीमध्ये १० मिळवा. १० म्हणजे उभ्या फरकाची दुप्पट, ६ म्हणजे दोन्ही फरकांच्या वजाबाकीची दुप्पट.

पी २ आहे, म्हणून (३, ४). पी −४, म्हणून (४, ४). पी ६, (५, ५). पी ०, (६, ६). पी −६, (७, ६). पी ४, (८, ७). पी −२, (९, ७). पी ८, (१०, ८). पोचलो. शेवटचा बिंदू बरोबर बसला नाही तर वजाबाकीत कुठेतरी चिन्ह चुकलंय, वर जाऊन शोधा.

चूक सहसा उभट रेषेत होते. (२, ३) ते (५, ११) अशी रेघ याच रीतीने काढली तर आडवी पावलं फक्त ३, म्हणजे ४ पिक्सेल, आणि उंची ९ घरांची. मध्ये भोकं पडतात. तिथे दोन्ही अक्षांच्या भूमिका बदलायच्या: दर पावलाला वर चढायचं आणि आडवं सरकायचं की नाही ते पी ठरवणार. परीक्षेत मुद्दाम असलीच रेघ देतात.

ट्रान्सफॉर्मेशनमध्ये क्रम चुकतो. (५, २) हा बिंदू (३, १) भोवती डावीकडे ९० अंश फिरवा. आधी केंद्र मूळ बिंदूवर आणा, (२, १) झाला. फिरवा, (−१, २). परत सरकवा, (२, ३). केंद्र न हलवता फिरवलं तर (−२, ५) येतं, म्हणजे आकृती कागदाबाहेर. कोरलमध्ये वस्तूवर दोनदा क्लिक केल्यावर मधे जो गोल ठिपका दिसतो तो म्हणजे हे केंद्र. तो कोपऱ्यात ओढून फिरवून बघा, मॅट्रिक्सची तिन्ही गणितं एका झटक्यात दिसतील. आणखी एक: वहीत वाय वर वाढतो, बहुतेक इमेजमध्ये खाली. त्यामुळे तेच सूत्र प्रोग्राममध्ये उलट्या दिशेला फिरवतं. सूत्र चुकलेलं नसतं.

---

कपाशी_पिक्सेल, दारव्हा

शाईवाले भाऊ, अक्षरओळताई, सर, सगळ्यांचे आभार. ७२ नं करून पाहिलं, लॅपटॉप चालला.

सर, पी ० आला तिथे आमच्या नोट्समध्ये (६, ५) आहे, तुमचं (६, ६). कोणतं धरायचं? आणि कृषी केंद्रवाल्यांना तोच लोगो मोटरसायकलवर रेडियममध्येही हवा आहे. जेपीजी लोगो कोरलच्या ट्रेसमधून (चित्रावरून आपोआप कडा काढायची सोय) काढला तर कडा दातऱ्या येतात.

---

ग्राफपेपर, यवतमाळ

दोन्ही बरोबर. तिथे खरी रेघ वाय ५.५ वरून जाते, बरोबर मधून. शून्याला तिरपं जायचं की सरळ, हा ठरवण्याचा भाग. (६, ५) घेतलं तर पी १० होतो, पुढचा बिंदू पुन्हा (७, ६)च येतो आणि रेघ तिथून पुढे सारखी. उत्तरपत्रिकेत सुरुवातीला नियम लिहा आणि शेवटपर्यंत तोच पाळा, मार्क जात नाहीत.

---

रेडियम_कटर, पुसद

ट्रेस करूच नका, लोगो हाताने परत काढा. ट्रेस पिक्सेलच्या पायऱ्यांच्या मागे धावतो, साध्या गोलाला शेकडो नोड (कडेवरचे बिंदू) लावतो, आणि कटरची पाती प्रत्येक नोडवर थबकते. दातऱ्या कडा तिथूनच.

पूर्ण वर्तुळाला ४ नोड पुरतात. हँडलची (नोडमधून निघणारी, वक्र ओढायची दांडी) लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट. त्रिज्या १०० मिलिमीटर असेल तर हँडल ५५.२. कोरलमध्ये वर्तुळ कर्व्ह करून नोड मोजा, चारच असतात. तुमच्या थिअरीतला बेझिए हाच. कागदावर समजून घ्यायचा तर चार बिंदू घ्या: (०, ०), (०, ८०), (१००, ८०), (१००, ०). लागोपाठच्या बिंदूंचे मध्य काढा: (०, ४०), (५०, ८०), (१००, ४०). त्यांचे मध्य: (२५, ६०), (७५, ६०). त्यांचा मध्य (५०, ६०). वक्र तिथून जातो. हँडल ८० वर असताना कमान ६० वरच थांबते, पाऊण उंचीला. म्हणून कमान ६० ची हवी असेल तर हँडल ८० पर्यंत ओढायचं, हे हाताला बसलं की पानाफुलांचे आकार चार-सहा नोडमध्ये होतात.

मराठी अक्षर कापताना एक जास्तीचं काम असतं. कर्व्ह केल्यावर शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकांवर थोड्या चढलेल्या असतात. छपाईत दिसत नाही, पण कटर प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो आणि शिरोरेघेचे तुकडे पडतात. शब्द निवडून वेल्ड करा (आकार एकमेकांत मिसळा), मग अख्ख्या शब्दाची एकच बाहेरची कड राहते. बॉर्डरची जाडीही कटरला कळत नाही, त्याला फक्त मधली रेघ दिसते. कंट्रोल-शिफ्ट-क्यूने आउटलाइनचं ऑब्जेक्ट करा. शेवटी वायरफ्रेम व्ह्यू लावा. तिथे जे दिसतं तेच कापलं जाणार.

---

शाईवाला, अमरावती

पत्रिकेचं राहिलंच. आपल्याकडे बहुतेक पत्रिका तयार कार्डावर स्क्रीन प्रिंटिंगनं होते, एका नाही त दोन रंगांत. म्हणजे सीएमवायके विसरा. प्रत्येक रंगासाठी वेगळं पान, दोन्हीत सगळं शुद्ध काळं, फक्त के १००. सोनेरी रंग हवा म्हणून फाइलीत पिवळा भरला त लेझर प्रिंटर त्याचे ठिपके करते, ट्रेसिंगच्या कागदावर ठिपके आले की अक्षराची कड फुटते. ८० टक्के काळ्याचं बी थेच. रेघ अर्ध्या पॉइंटच्या खाली नको, जाळीतून उतरतच नाही. अक्षर ९ पॉइंटच्या खाली गेलं त 'क्ष', 'ष्ठ' शाईनं भरतात अन् अनुस्वार गायब होतो. 'चि. सौ. कां.' मधला 'कां' पैले पाहजा, लोक तिथंच बोट ठेवतात.

अन् ऑफसेटले देत असाल त ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या कडेबाहेरची जास्तीची छपाई), बारीक मजकूर फक्त के १००. मोठी काळी जागा असली तवा सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १००, नुसता के धुवट दिसते. तेच मिश्रण बारीक अक्षराले दिलं अन् प्लेट केसभर सरकली त अक्षराले रंगीत सावली पडते.

---

तिसरा_अक्ष, अकोला

ब्लेंडरचं. एचडी ४००० ला विंडोजवर ओपनजीएल (ग्राफिक्स दाखवायची प्रणाली) ४.० पर्यंतच मिळतं. ब्लेंडर ४.० पासून पुढे ओपनजीएल ४.३ लागतं, म्हणून नवीन आवृत्ती उघडणारच नाही. लॅपटॉप बिघडला असं समजू नका. २.७९ जुनं आणि हलकं आहे, यावर चालेल, पण २.८० ला सगळा चेहरामोहरा बदलला, त्यामुळे नवीन व्हिडिओ पाहून बटणं सापडायची नाहीत. मॉडेलिंग, नोड, लाइट समजून घ्यायला ते पुरतं. कॉलेजच्या लॅबमध्ये कोणती आवृत्ती आहे ते आधी विचारा, कारण नवीन आवृत्तीची फाइल जुन्यात धड उघडत नाही.

रेंडर (ॲनिमेशनची तयार चित्रं) व्हिडिओत काढू नका, पीएनजीच्या क्रमाने काढा. १० सेकंदांचं ॲनिमेशन २५ फ्रेमने म्हणजे २५० फ्रेम. एका फ्रेमला २ मिनिटं धरली तर ८ तास २० मिनिटं. तेवढ्या वेळात लाइट एकदा तरी जाणारच. व्हिडिओ फाइल अर्ध्यात तुटली की सगळं पुन्हा. पीएनजी असतील तर १७३ व्या फ्रेमवर थांबलं तरी तिची अर्धवट फाइल पुसून १७३ पासूनच सुरू करता येतं. उन्हाळ्यात रेंडर रात्री लावा. ४४-४५ अंशांत प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि २ मिनिटांची फ्रेम ४ मिनिटं घेते. जिनिंगच्या गावात पंख्याच्या जाळीत कापसाची तंतुधूळ साचते, ती सहा महिन्यांनी तरी काढा.

पैसे थोडेच असतील तर आधी एसएसडी, मग ४ जीबी रॅम. रॅम घेताना जुन्या पट्टीवरचं लेबल वाचून तीच जात घ्या. त्या काळच्या काही लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, साधी डीडीआर३ बसते पण मशीन सुरू होत नाही. कोरलचं ऑटो-बॅकअप ५ मिनिटांवर आणा.

---

कपाशी_पिक्सेल, दारव्हा

निळ्या चौकोनांची पट्टी छापून घेतली. आमच्या इथल्या मशीनवर मॅजेंटा ७० लाच जांभळी झाक येते, ६० बरोबर बसला. शब्द वेल्ड केले. एक अडलं: वेल्ड केल्यावर 'बियाणे'तल्या 'ब'चं पोट भरून काळं झालं.

---

रेडियम_कटर, पुसद

'ब'चा आतला आकार वेगळा सुटला असणार आणि तोही वेल्डमध्ये गेला. कंट्रोल-झेड करा. बाहेरचा आणि आतला आकार दोन्ही निवडून कंट्रोल-एलने कंबाइन करा, पोट परत उघडेल. मग वेल्ड. 'ण', 'ष', 'प' पण तपासा.